कॉर्डलेस फोन उचलला की वायफाय झोपतं? राउटर बदलायच्या आधी बेस हलवा

आमच्याकडे रोज संध्याकाळी सातला आईचा मिरजेच्या मावशीला फोन असतो. लँडलाइनवरूनच, कॉर्डलेस कानाला लावून घरभर फिरत, आणि नेमका त्याच वेळेला माझा ऑफिसचा कॉल. दोन महिने मी समोरच्यांना "माझा आवाज येतोय का, आता येतोय का" एवढंच विचारत होतो. नेट कंपनीचा पोरगा तीनदा येऊन गेला, एकदा पॅच कॉर्ड बदलली, एकदा राउटर रीसेट केला, आणि तीनही वेळा स्पीड टेस्ट चकाचक, कारण तो यायचा सकाळी अकराला आणि तेव्हा फोनवर कोणीच नसायचं. मी नवीन राउटर घ्यायच्या बेतात होतो. शेवटी एका रविवारी आईला म्हटलं, जरा मावशीला आत्ता फोन लाव बघू. आई म्हणाली, "अरे पण मी फोनवर बोलते त्यात तुझं इंटरनेट कुठं आलं मधे?" तर तिथंच आलेलं होतं.

तेव्हा ज्यांच्या घरी अजून कॉर्डलेस आहे (आणि फायबरसोबत लँडलाइन फुकट मिळते म्हणून तो परत बऱ्याच घरात आलाय) त्यांच्यासाठी हे लिहितोय, नवख्या माणसाला जमेल असं. क्रमाने करा, मधली पायरी गाळू नका, कारण पहिल्या दोन पायऱ्यांना एक पैसा लागत नाही, तिसरीला लागलीच तर एक वायर, आणि बहुतेकांचं काम तिथंच होतं.

आधी हे का होतं ते थोडक्यात. आपल्याकडे दुकानात मिळणारे बरेच कॉर्डलेस २.४ गिगाहर्ट्झवर चालतात आणि घरातलं साधं वायफायही त्याच पट्ट्यात चालतं, २४०० ते २४८३.५ मेगाहर्ट्झ. हा पट्टा सरकारने २००५ साली कमी पॉवरच्या उपकरणांसाठी विनापरवाना मोकळा केला, त्यामुळे वायफाय, ब्लूटूथ, वायरलेस माऊस, कॉर्डलेस सगळी गर्दी तिथंच. आता वायफायचा स्वभाव असा की तो बोलायच्या आधी ऐकतो, कोणी बोलत असेल तर थांबतो, रेशनच्या रांगेत उभं राहिल्यासारखा. कॉर्डलेसला ही रांग माहितीच नाही. बरेच डिजिटल कॉर्डलेस एका जागी टिकतही नाहीत, सेकंदाला कितीतरी वेळा फ्रिक्वेन्सी बदलत पूर्ण पट्टाभर उड्या मारतात. मग वायफाय बिचारा थांबतो, पाठवलेलं डेटाचं पाकीट वाया गेलं की परत पाठवतो, दोन-चारदा वाया गेलं की स्वतःचा वेग कमी करतो, आणि आपल्याला दिसतं काय तर गोल गोल फिरणारं चक्र.

पायरी पहिली. फोन उलटा करून बघा

हँडसेट नाही, ज्याच्यावर तो चार्जिंगला ठेवता तो बेस. त्याच्या पोटावर स्टिकर असतं त्यावर बारीक अक्षरात फ्रिक्वेन्सी लिहिलेली असते. २.४ गिगाहर्ट्झ दिसलं तर संशयित सापडला. नव्वदच्या दशकातला लांब अँटेना ओढायचा तो जुना फोन असेल तर तो फारच खालच्या फ्रिक्वेन्सीवर चालतो, वायफायशी त्याचं काही वैर नाही.

बऱ्याच घरात अमेरिकेतून भावाने किंवा लेकीने पाठवलेला फोन असतो ज्यावर डेक्ट ६.० असं लिहिलेलं असतं. त्यातला ६.० बघून तो ६ गिगाहर्ट्झचा आहे असं वाटतं पण ते नुसतं विकायचं नाव आहे, तो चालतो १९२० ते १९३० मेगाहर्ट्झवर. म्हणजे वायफायला त्रास शून्य. पण भारतात हा पट्टा मोबाइल नेटवर्ककडे आहे, त्यामुळे तो फोन इथं वापरणं म्हणजे दुसऱ्याच्या शेतातून बैलगाडी नेण्यासारखं, वायफाय वाचवायला म्हणून मुद्दाम तिकडून मागवू नका. शिवाय त्याचा अडॅप्टर बहुतेक १२० व्होल्टचा असतो, आपल्या २३० मध्ये खोचला की धूर. उलट तुम्ही स्वतः न्यू जर्सी नाहीतर डॅलसला राहून हे वाचत असाल तर तुमच्यासाठी डेक्ट ६.० हाच सगळ्यात सोपा उपाय, तिथं तो कायदेशीर आहे आणि सहज मिळतो, जुना २.४ वाला काढून तो घ्या आणि हा लेख इथंच सोडा. तिकडे ५.८ गिगाहर्ट्झचे फोनही विकले जायचे, तसला असेल तर त्याचं भांडण राउटरच्या ५ गिगाहर्ट्झ पट्ट्यातल्या वरच्या चॅनलशी (चॅनल म्हणजे पट्ट्याचा छोटा तुकडा), १४९ ते १६५ यांच्याशी होतं, तेव्हा राउटर ३६ ते ४८ मधल्या एखाद्या चॅनलवर ठेवायचा.

पायरी दुसरी. गुन्हा सिद्ध करा

नुसत्या संशयावर फोनला शिक्षा नको. लॅपटॉप वायफायला जोडलेला असू द्या, विंडोज असेल तर स्टार्टमध्ये इंग्रजीत सीएमडी टाइप करून काळी खिडकी उघडा, आणि पिंग (ping) हा शब्द, मग स्पेस, मग राउटरचा पत्ता, मग स्पेस आणि मायनस टी (-t), मग एंटर. पत्ता राउटरच्या स्टिकरवर असतो, खूपदा १९२.१६८.१.१ असतो. इथं एक गोष्ट नीट लक्षात घ्या, पिंग बाहेरच्या वेबसाइटला नाही करायचं, आपल्याच राउटरला करायचं. कारण आपल्याला बघायचाय तो लॅपटॉप ते राउटर एवढाच हवेतला तुकडा, बाहेरचं इंटरनेट कसंय हा प्रश्न वेगळा.

आता ओळी पडत राहतील, प्रत्येक ओळीच्या शेवटाकडे राउटरचं उत्तर यायला किती मिलिसेकंद लागले ते. एक मिनिट तसंच चालू द्या. मग घरातल्या कोणाला तरी कॉर्डलेसवरून कॉल लावायला सांगा आणि बोलत राहू द्या, नुसती रिंग देऊन ठेवू नका. मग फोन ठेवा. मग बेसची पिन बोर्डातून काढून परत एक मिनिट बघा. ही शेवटची पायरी लोक विसरतात. फोन ठेवला तरी काही मॉडेलमध्ये बेस आणि हँडसेट एकमेकांना हाक मारतच असतात, त्यामुळे फोन बंद असतानाचं नेट म्हणजे फोन ठेवलेला असतानाचं नव्हे, पिन काढलेली असतानाचं.

माझ्याकडे आई गप्प असताना आकडे २, ३, ३, २ असे येत होते. मावशीने फोन उचलला आणि १८०, ९५, ३४०, मग रिक्वेस्ट टाइम्ड आउट (म्हणजे उत्तरच नाही), मग परत २१०. आई तेव्हा बाजूलाच उभी होती, स्क्रीनकडे बघत मावशीला म्हणाली, "थांब गं, इथं माझा ईसीजी काढतायत."

तुमच्याकडे कॉल चालू असताना पण राउटरचं पिंग २-३ वरच राहिलं आणि तरी नेट जातंय, तर कॉर्डलेस निर्दोष आहे. मग बघा की तुमचं नेट अजून तांब्याच्या तारेवरचं ब्रॉडबँड आहे का, म्हणजे त्याच टेलिफोनच्या तारेतून येणारं. तसं असेल आणि फोनची रिंग वाजली की मॉडेमवरचा डीएसएलचा दिवा मिणमिणायला लागत असेल तर भानगड हवेत नाही, तारेत आहे. आवाज त्या तारेत ४ किलोहर्ट्झच्या खाली जातो आणि नेट २५ किलोहर्ट्झच्या पुढे, दोघांना वेगळं करायला ती छोटी पांढरी डबी असते ना, स्प्लिटर, ती खराब झालेली असते किंवा दुसऱ्या खोलीतला एखादा एक्स्टेंशन फोन स्प्लिटर न लावताच जोडलेला असतो. असं असेल तर घरातला प्रत्येक फोन स्प्लिटरच्या मागे हवा. गंमत म्हणजे अशा घरात कॉर्डलेस काढून वायरवाला साधा फोन लावला तरी त्रास तसाच राहतो, आणि यावरूनच ओळखायचं.

पायरी तिसरी. बेस उचला आणि लांब न्या

खरं म्हणजे लेख या पायरीसाठीच आहे.

फायबरवाल्या घरात काय होतं की फायबरची तार ज्यात येते आणि बहुतेकदा राउटरही ज्याच्या आतच असतो तो डबा, ओएनटी, कंपनीचा माणूस टीव्हीच्या वर किंवा दाराजवळ बसवतो. लँडलाइनचं सॉकेट त्याच डब्याच्या मागे. आणि फोनसोबत खोक्यात येणारी वायर हातभर, फार तर दोन हात. मग बेस कुठे बसणार, राउटरच्या मांडीवर! दोघं इतके खेटून की बेसचा आवाज राउटरच्या कानात सरळ जातो. लॅपटॉपकडून येणारा सिग्नल आधीच दोन भिंती पार करून दमून आलेला, आणि कानाशी हा ओरडतोय. ऐकणार काय राउटर.

अंतर वाढवलं की हे झपाट्याने कमी होतं. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट केलं की पॉवर पाव होते, म्हणजे एक फुटावरचा बेस दहा फुटावर नेला तर राउटरपर्यंत शंभरावा हिस्सा पोचतो. घरात भिंती-फर्निचरमुळे गणित अगदी तंतोतंत बसत नाही, पण फरक असाच मोठा असतो. त्यामुळे निदान दहा फूट, जमलं तर मधे एक भिंत.

त्यासाठी लागते लांब टेलिफोनची वायर, दोन्ही टोकाला छोटी पिन असलेली. इलेक्ट्रिकलच्या किंवा मोबाइल ॲक्सेसरीजच्या दुकानात मिळते, दुकानदाराला "लँडलाइनची वायर, दोन्हीकडे पिनवाली, दहा मीटर" एवढं सांगितलं की कळतं, नसेल तर तो समोर बसून दोन पिना मारून देतो. वायर भिंतीच्या कडेने क्लिप मारून न्या, दारातून आडवी टाकू नका, घरात म्हातारं माणूस असेल तर अजिबातच नाही.

ज्यांचं जुनं लँडलाइनचं वायरिंग भिंतीतून बेडरूमपर्यंत गेलेलं आहे त्यांची तर लॉटरी. ओएनटीच्या फोन सॉकेटमधून एक तुकडा हॉलमधल्या जुन्या सॉकेटला जोडला की तोच डायल टोन आतल्या खोलीतल्या सॉकेटवर मिळतो. पण त्याआधी बाहेरून एक्स्चेंजकडून येणारी जुनी तार रोझेटच्या डबीत (टेलिफोनच्या तारा जोडायची भिंतीवरची डबी) सोडवून वेगळी करायलाच हवी, दोन लाइन एकमेकींना भिडल्या तर ओएनटीचं फोन पोर्ट जाऊ शकतं. हे स्वतःला जमणार नसेल तर ज्याला जमतं त्याला शंभर-दोनशे द्या.

आणि एक, फोनची पिन लॅनच्या रुंद सॉकेटमध्येही सैलसर बसते, म्हणून लोक तिथं खोचतात आणि म्हणतात डायल टोन नाही. टोन नाहीच येणार, वर आतल्या पिना वाकतात. फोनचं सॉकेट लहान असतं आणि त्यावर फोनचं चित्र किंवा इंग्रजीत टेल, फोन असं काहीतरी असतं.

बेस कुठे ठेवायचा हे ठरवताना राउटर आणि तुमची काम करायची जागा यांच्या मधल्या रेषेत नको, रेषेच्या बाजूला किंवा राउटरच्या पलीकडे. आमचा आता देवघराशेजारच्या कोनाड्यात आहे. तिथं इन्व्हर्टरचा पॉइंट होता हेही एक कारण, कारण लाइट गेली की कॉर्डलेसचा बेस मरतो, आणि फायबरवर तर ओएनटी बंद म्हणजे लँडलाइनच बंद, पूर्वीसारखं एक्स्चेंजमधून येणाऱ्या करंटवर फोन चालायचे दिवस गेले. तेव्हा दोन्ही इन्व्हर्टरवर घ्या, एकावर उपयोग नाही.

हे करून परत ती काळी खिडकी उघडा. माझं ३४० वरून १५-२० वर आलं, मधेच एखादा ६०. तुमचं काम इथंच झालं असेल तर खालचं नाही वाचलं तरी चालेल.

पायरी चौथी. ५ गिगाहर्ट्झवर सटका

राउटर ड्युअल बँड, म्हणजे २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ दोन्हीवर चालणारा असेल (हल्लीचे बहुतेक ओएनटी असतात) तर लॅपटॉप, मोबाइल, टीव्ही सगळं ५ गिगाहर्ट्झवर टाका. तिथं २.४ चा कॉर्डलेस पोचतच नाही, विषय संपला. अडचण ही की बऱ्याच राउटरवर दोन्ही बँडला एकच नाव असतं आणि मोबाइल स्वतःच्या मर्जीने २.४ वर जाऊन बसतो. म्हणून राउटरच्या पानावर (ब्राउझरमध्ये राउटरचा तोच पत्ता टाकला की उघडतं) किंवा कंपनीच्या ॲपमध्ये जाऊन दोन वेगळी नावं द्या, शेवटी ५ लावलं तरी पुरे, मग लॅपटॉपला ते ५ वालं जोडा आणि जुनं नाव विसरायला लावा, फर्गेट. हे फर्गेट न केल्यामुळे माझा लॅपटॉप आठवडाभर जुन्याच जागी पळत होता आणि मी ५ गिगाहर्ट्झला शिव्या घालत होतो.

५ गिगाहर्ट्झ भिंतीला घाबरतो, बीम, कॉलम, नऊ इंची वीट, लोखंडी कपाट, फिश टँक, यातून तो दमतो. वाड्यासारख्या जाड भिंतीच्या घरात दुसऱ्या खोलीत त्याचा भरवसा धरू नका. स्मार्ट बल्ब, स्मार्ट प्लग, जुने प्रिंटर यातले बरेच २.४ सोडून दुसरं काही ओळखत नाहीत, त्यांना तिथंच राहू द्या, त्यांना दोन मिलिसेकंद इकडेतिकडे झाल्याने काही फरक पडत नाही.

पायरी पाचवी. चॅनलची खटपट

राउटर एकच बँडचा असेल त्यांनी ही करावी, आणि फार आशा ठेवू नये. इंटरनेटवर सगळीकडे "चॅनल बदला" हाच सल्ला असतो. जुन्या, एका जागी बसणाऱ्या फोनला तो लागू पडतो, उड्या मारणाऱ्याला नाही, कारण तो सगळ्याच चॅनलवर थोडा थोडा येऊन जातो. तरी करून बघायला काय जातं. २.४ मध्ये १ ते १३ चॅनल असले तरी ते एकमेकांवर चढलेले आहेत, दोन चॅनलमध्ये फक्त ५ मेगाहर्ट्झचं अंतर आणि वायफायला लागते साधारण २० ची जागा, म्हणून एकमेकांना न भिडणारे म्हणजे १, ६ आणि ११. तीनही लावून बघा, प्रत्येकावर फोन चालू ठेवून पाच मिनिटं पिंग, जिथं सगळ्यात कमी आकडे तिथं थांबा. अँड्रॉइडवर वायफाय ॲनालायझर प्रकारचं ॲप टाकलं तर शेजाऱ्यांचे राउटर कुठं बसलेत ते दिसतं, पण कॉर्डलेस त्यात दिसत नाही हं, ते फक्त वायफायच दाखवतं, म्हणून ॲपवर रिकामा दिसणारा चॅनल प्रत्यक्षात रिकामा असेलच असं नाही.

चॅनलच्याच पानावर रुंदी, विड्थ, असा पर्याय असतो. तो ४० किंवा ऑटो असेल तर २० करा. कागदावर स्पीड कमी दिसतो पण जेवढी रुंद गाडी तेवढी ती रस्त्यात जास्त घासणार. पॉवर कमी-जास्त करायचा पर्याय दिसला तर हाय असू द्या.

फोनच्या बाजूने पण बघा, काही मॉडेलला चॅनल बदलायचं बटण असतं, काहींच्या मेनूमध्ये इको किंवा कमी पॉवरचा मोड असतो. दोन खोल्यांच्या घरात फोनला पूर्ण पॉवरची गरज नसते, इको लावून टाका. आणि फोनमध्येच खरखर येत असेल तर वायफायला दोष द्यायच्या आधी हँडसेटचे सेल बघा, दोन-तीन वर्षं तेच रिचार्जेबल सेल असतील तर ते मेलेले असतात. ते बदलताना रिचार्जेबलच घ्यायचे, साधे पेन्सिल सेल घालून चार्जिंगला ठेवायचं नाही.

पायरी सहावी. काही गोष्टींना हवाच नको

घरून काम करणाऱ्याने एक लॅन केबल ओढून घ्यावी हे माझं स्पष्ट मत आहे. राउटर ते टेबल. शंभर मीटरपर्यंत चालते, घरात एवढं अंतर कुणाकडे नसतं. टीव्ही राउटरच्या शेजारीच असतो, तरी लोक तो वायफायवर चालवतात, त्यालाही एक तुकडा लावा, तेवढीच हवेतली गर्दी कमी.

दुसरं म्हणजे कॉर्डलेसच काढणं. वायरवाला साधा फोन लावला की भांडणच मिटलं, आणि काही फायबर कंपन्यांचं ॲप असतं ज्यावर लँडलाइनचा नंबर मोबाइलवर वाजतो. मी आईला हे सुचवून बघितलं. तिचं म्हणणं पडलं की भाजी निवडताना, देवासमोर फुलं ठेवताना बोलता येतं म्हणून तर कॉर्डलेस आहे, आणि मोबाइल कानाला गरम लागतो. मुद्दा बरोबर होता. मी केबल ओढून घेतली.

एवढं सगळं करूनही मधूनच नेट अडखळत असेल तर त्या वेळेला घरात दुसरं काय चालू होतं ते दोन-चार दिवस कागदावर लिहून ठेवा. मायक्रोवेव्ह २४५० मेगाहर्ट्झच्या आसपास चालतो, अगदी त्याच पट्ट्याच्या मधोमध, आणि दारातून थोडंफार बाहेर येतंच. राउटरच्या किंवा लॅपटॉपच्या यूएसबी ३ सॉकेटला हार्ड डिस्क लावली असेल तर तिच्या केबलमधूनही २.४ गिगाहर्ट्झच्या आसपास गोंगाट होतो, हे फार लोकांना माहिती नसतं, डिस्क दोन फूट बाजूला केली तरी फरक दिसतो. बाळाचा मॉनिटर, जुना वायरलेस कॅमेरा हेही त्याच गल्लीतले.

आमच्याकडे कॉर्डलेसचा निकाल लागल्यावर तीन दिवसांनी माझ्या मोबाइलवरचा व्हिडिओ कॉल रोज रात्री साडेनऊला मिनिटभर अडकायला लागला. मोबाइल अजून २.४ वरच होता, आणि साडेनऊला बाबा दूध गरम करतात.